कडाक् आवाज येतो कुठून?

वर्गात मागच्या बाकावर असा एक जण असतोच. सर फळ्याकडे वळले रे वळले, की हा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवतो, उलटी ताणतो आणि कडाक्, कडाक्! हाच उद्योग घरी केला तर आजी ओरडते, "बोटं मोडू नकोस रे, म्हातारपणी हात वाकडे होतील." आणि बारशाला बाळाची अलाबला घेऊन स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडते कोण? तीच आजी!

अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर या डॉक्टरांना लहानपणी त्यांची आई हेच सांगायची, "बोटं मोडू नकोस, संधिवात होईल", मावश्या-आत्या सांगायच्या, आणि लग्न झाल्यावर सासूबाईही सांगायला लागल्या. खरं-खोटं करायचंच म्हणून अंगर यांनी साठ वर्षांहून जास्त काळ रोज फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. उजव्या हाताला सुट्टी. मग दोन्ही हात तपासले. संधिवात ना डाव्या हातात, ना उजव्या. २००९ साली त्यांना इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे बक्षीस देतात. आता एकाच माणसाच्या दोन हातांवरून साऱ्या जगाचं ठरवता येत नाही, पण चिकाटी बघा की!

बरं, मग नक्की मोडतं तरी काय? हाड तर नक्कीच नाही. बोटाचा सांधा एका बंद पिशवीत असतो आणि त्या पिशवीत बुळबुळीत द्रव असतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी एका माणसाचं बोट नळीत अडकवलं, तो हात एमआरआय यंत्रात ठेवला आणि बोट दोरीने हळूहळू ओढलं. यंत्र आतलं चित्रण करत होतं. हाडं एकमेकांना धरून बसली, बसली, आणि एकदम सुटी झाली. त्याच क्षणी मधल्या द्रवात एक पोकळी तयार झाली आणि आवाज आला. सगळा खेळ सेकंदाच्या एक तृतीयांशाहूनही कमी वेळाचा. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. तेच बोट लगेच पुन्हा मोडून बघा, आवाज येत नाही. साधारण वीस मिनिटं वाट पाहावी लागते.

त्या नळीत बोट घालणारा माणूस कोण होता? एक कायरोप्रॅक्टर! म्हणजे पाठीच्या मणक्यांना हाताने झटका देऊन दुखणं कमी करायचा प्रयत्न करणारा. झटका दिला की पाठीतूनही कडाक् आवाज येतो. लोकांना वाटतं, चला, सरकलेला मणका बसला जागेवर!

असं वाटणं सुरू झालं ते अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट या गावात. तिथे डॅनियल पामर नावाचे गृहस्थ होते. आधी किराणा दुकान चालवायचे, मग हातातल्या 'चुंबकीय शक्ती'ने रोग बरे करतो म्हणू लागले. त्यांच्या इमारतीत झाडलोट करणारे हार्वी लिलार्ड यांना नीट ऐकू येत नव्हतं. १८९५ च्या सप्टेंबरात पामरांनी त्यांच्या पाठीवरचा एक उंचवटा दाबला आणि जाहीर केलं, याला ऐकू यायला लागलं! दोन वर्षांत त्यांनी हा उपचार शिकवणारी शाळाही काढली. पुढे तर म्हणाले, शंभरातले पंचाण्णव आजार मणके जागचे हलल्यामुळेच होतात.

आता जरा डोकं चालवा. ऐकू यायची नस कानाच्या आतून निघते आणि थेट मेंदूत जाते. पाठीच्या वाटेला ती जातच नाही. मग पाठ दाबून कान कसा उघडेल? पामरांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता, असं मला वाटतं. आज इतकं कळलंय, की कंबरदुखीत अशा उपचाराने काही जणांना थोडा आराम पडतो, साधारण व्यायामाने पडतो तितकाच. सरकलेल्या मणक्यामुळे बाकीचे आजार होतात, याला मात्र पुरावा नाही. आणि मानेला जोराचा हिसका देणं तर धोक्याचं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतूनच वर जातात. क्वचितच, पण त्या फाटू शकतात. म्हणून सलूनमधल्या काकांनी चंपी झाल्यावर "मान मोकळी करू का?" विचारलं, तर सरळ सांगायचं, "नको काका, केसच कापा."

मणके म्हणजे एकावर एक रचलेल्या सुट्या विटा नव्हेत, की ढकललं आणि एखादी बाहेर आली. जन्मतः ते ३३ असतात. मोठेपणी खालचे काही जुळून जातात आणि एकूण हाडं २६ उरतात. त्यातले मानेत सात. जिराफाच्या मानेतही सातच, फक्त त्याचा एकेक मणका वीतभराहून मोठा! आपले सगळे मणके घट्ट पट्ट्यांनी आणि स्नायूंनी बांधलेले असतात. दोन मणक्यांच्या मध्ये असते गादी. अशा २३ गाद्या. "गादी सरकली" असं मोठी माणसं म्हणतात ना, तीच ही. खरं तर ती सरकत नाही, एका बाजूने फुगून बाहेर येते.

या गादीची खुबी अशी, की मोठ्या माणसाच्या गादीत आतवर रक्त पोचतच नाही. मग तिला खायला-प्यायला कोण घालतं? भांडी घासायचा स्पंज आठवा. दाबला की पाणी बाहेर, सोडला की पाणी आत. दिवसभर आपल्या वजनाने गाद्या दबतात, रात्री आडवं झालं की पुन्हा पाणी पितात. त्यामुळे सकाळी आपण संध्याकाळपेक्षा उंच असतो!

खोटं वाटतं? मग उद्याच मोजा. अंथरुणातून उठल्या उठल्या भिंतीला टाचा टेकवून उभे राहा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि ताईला पेन्सिलीने खूण करायला सांगा. रात्री झोपायच्या आधी त्याच भिंतीपाशी दुसरी खूण. दोन्हींत साधारण एक सेंटिमीटरचा फरक सापडेल. पण दात घासून, दूध पिऊन निवांत मोजायला गेलात तर फसाल, कारण उंची उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच भराभर उतरते.

अंतराळात तर गाद्यांवर वजनच नाही. जपानचे अंतराळवीर नोरिशिगे कानाई यांनी २०१८ च्या जानेवारीत अंतराळ स्थानकातून कळवलं, की तीन आठवड्यांत माझी उंची नऊ सेंटिमीटर वाढली! परतीच्या यानातल्या खुर्चीत मावेन की नाही, याची त्यांना काळजी. मोहिमेच्या प्रमुखांना काही हे पटेना. पुन्हा मोजलं तर वाढ निघाली दोन सेंटिमीटर. कानाईंनी सगळ्यांची माफी मागितली.

तर स्पंजासारखं दबणं-सुटणं चालू राहावं, म्हणून गादीला हवी असते हालचाल. "ताठ बस!" असं मोठी माणसं दटावतात, पण तासभर ताठ बसणं हेही शेवटी एकाच जागी बसणंच. शिवाय कणा मुळात सरळसोट नसतोच, मानेत आणि कमरेत तो पुढे वळलेला असतो. त्यामुळे अभ्यासाला बसल्यावर थोड्या थोड्या वेळाने उठा, पाणी प्या, एक चक्कर मारा. शाळेत मल्लखांब असेल तर सोन्याहून पिवळं. पाठ बरेच दिवस दुखत राहिली, तर मात्र आई-बाबांना सांगून डॉक्टरांकडे जा.

आणि दप्तर! २०२० च्या सरकारी धोरणानुसार दप्तराचं वजन तुमच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग दप्तर घेऊन. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. तुम्ही ३० किलोचे असाल, तर उत्तर तीनच्या आत यायला हवं. नाही आलं तर दप्तर उपडं करा. गेल्या महिन्याची वही, तुटकी पट्टी, दगडगोटे, काय काय निघेल! एक लिटरची भरलेली बाटली एकटीच एक किलोची असते. शाळेत चांगलं पाणी मिळत असेल, तर ती रिकामीच न्या आणि तिथे भरा.