'परमनंट' शाई रोजच्या लेखनासाठी कशी पारखावी?

बंगळुरू - न पुसणारी शाई म्हटली की कर्नाटकात प्रथम आठवते ती मतदाराच्या बोटाला लावली जाणारी शाई. मैसूर पेंट्स अँड वार्निश या सरकारी कंपनीची ही शाई १९६२ पासून निवडणुकांत वापरली जाते. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट प्रकाशात त्वचेवर काळे पडते. फाउंटन पेनाच्या शाईच्या बाटलीवर छापलेल्या 'परमनंट' या शब्दाचा मात्र या रसायनाशी संबंध नाही. तो शब्द नेमके कोणते आश्वासन देतो, हेही ग्राहकाला बहुधा ठाऊक नसते.

साधी निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. कागद भिजला की तो पुन्हा विरघळतो. टिकाऊ शाया प्रामुख्याने दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात काजळीसारखे अतिसूक्ष्म रंगकण असतात. ते कागदाच्या तंतूंत अडकून बसतात. दुसऱ्या प्रकारात टॅनिन आणि लोहाचा क्षार यांचा संयोग असतो. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई होते, ती याच प्रक्रियेने. लिहिताना फिकट दिसणारे अक्षर हवेतील प्राणवायूमुळे काही दिवसांत गडद होते. म्हणूनच अशा शाईची परीक्षा लिहिल्याबरोबर करणे तिच्यावर अन्याय करणारे ठरते.

घरगुती परीक्षेसाठी रोजच्याच वहीचा कागद आणि रोजचेच पेन घ्यावे. त्याच ओळी चार पट्ट्यांवर लिहून त्या आठवडाभर ठेवाव्यात. मग एक पट्टी तासभर पाण्यात बुडवावी, दुसरीवर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब सोडावा, तिसरी अर्धी झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवावी आणि चौथी तुलनेसाठी कपाटात बंद करावी. पाण्यात रंग उतरला म्हणून शाई लगेच बाद समजू नये. लोहयुक्त शाईतील निळा रंग वाहून जातो, पण मागे राखाडी अक्षर वाचता येते. रंग जाणे आणि मजकूर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लीचपुढे बहुतेक रंग हार मानतात. काजळीची शाई मात्र सहसा टिकते.

कागदावर उत्तीर्ण झालेली शाई पेनात नापास होऊ शकते. भरलेले पेन टोपण लावून आठवडाभर पडू द्यावे आणि पहिल्याच रेघेला शाई उतरते का, ते पाहावे. रंगकण वाळले की शाईची वाट बुजते. लोहयुक्त शाई आम्लधर्मी असल्याने ती महिनोन् महिने पेनात राहू देऊ नये, दुसऱ्या शाईत मिसळूही नये. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई तर फाउंटन पेनात कधीच भरू नये. तिच्यात बहुधा लाख असते आणि ती सुकल्यावर पेन निकामी होते.

बंगळुरूत आणखी एक अडचण येते. कावेरीचे पाणी शहरात सुमारे १०० किलोमीटरवरून आणले जाते, तरीही अनेक वस्त्या कूपनलिकांवर आणि टँकरवर अवलंबून आहेत. कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार पेनात साठू नयेत म्हणून शेवटची धुलाई बॅटरीत घालण्याच्या शुद्ध पाण्याने करावी. फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या हवेत उघडे पेन लवकर सुकते, हेही ध्यानात ठेवावे.

एवढा खटाटोप प्रत्येकाने करावा असे नाही. शाळकरी मुलाच्या गणवेशाचा विचार करता धुता येणारी निळी शाईच बरी. परंतु धनादेश, करारपत्र किंवा कौटुंबिक नोंदवही यांची गोष्ट निराळी. धनादेशावर काळी शाई चालणार नाही, अशी अफवा जानेवारी २०२५ मध्ये पसरली होती. ती खोटी असल्याचे पत्र सूचना कार्यालयाने स्पष्ट केले. रिझर्व्ह बँकेने शाईचा कोणताही ठरावीक रंग सक्तीचा केलेला नाही. धनादेशाची प्रतिमा घेऊन तो वटवला जातो, त्यामुळे अक्षर गडद आणि स्पष्ट उमटले पाहिजे. रकमेत किंवा नावात खाडाखोड झाल्यास नवा धनादेश लिहावा लागतो.