पहिलीचा प्रवेश बंगळुरूत, नियम डोक्यात पुण्याचे

पुण्या-मुंबईहून बंगळुरूला बदली झालेल्या कुटुंबाचा शाळाशोध हल्ली सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच सुरू होतो. 'जवळपास चांगली शाळा कोणती?' एवढं विचारायचा अवकाश, उत्तरांचा पाऊस पडतो. प्रत्येक उत्तर ठाम असतं. अडचण अशी की त्यांतली बरीच उत्तरं दुसऱ्या राज्याच्या, दुसऱ्या बोर्डाच्या नाहीतर कधीच बदललेल्या नियमांवर बेतलेली असतात.

साधी वयाची गोष्ट घ्या. 'पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत' हे सगळ्यांना पाठ असतं. पण कोणत्या तारखेला पूर्ण? महाराष्ट्राने 2020 मध्ये ही तारीख 31 डिसेंबर केली. कर्नाटकात ती 1 जून आहे. केंद्रीय विद्यालयांत 31 मार्च. म्हणजे नोव्हेंबरात जन्मलेलं मूल पुण्यात साडेपाच वर्षांचं असताना रीतसर पहिलीत बसतं. तेच मूल बंगळुरूत आणलं की त्याला आणखी एक वर्ष युकेजीत काढायला सांगितलं जातं. पालकांना वाटतं शाळा अडवणूक करते आहे. शाळा नियमाप्रमाणेच चाललेली असते.

कर्नाटकचा हा नियमही एका दमात आलेला नाही. 1 जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत असा आदेश जुलै 2022 मध्ये निघाला, मग त्याची अंमलबजावणी 2025-26 पर्यंत पुढे ढकलली गेली. ते वर्ष तोंडावर आलं, पालकांनी ओरड केली आणि एप्रिल 2025 मध्ये शिक्षणमंत्री मधू बंगारप्पा यांनी त्या एका वर्षापुरती मर्यादा पाच वर्षं पाच महिन्यांवर आणली. सवलत राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांतल्या, युकेजी पूर्ण केलेल्या मुलांसाठी होती. शेजारच्या ब्लॉकमधल्या मुलाला मिळाली म्हणून यंदा आपल्यालाही मिळेल, हा हिशेब त्यामुळे धोक्याचा. त्या त्या वर्षाचं परिपत्रक पाहणं हाच उपाय.

वयावरून होणारा घोळ निदान तारखेपुरता असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या बाबतीत मराठी पालकांचा गैरसमज याहून मोठा आहे, आणि तो होण्याला कारणही आहे.

हा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 12 प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. महाराष्ट्रात दरवर्षी या जागांची ऑनलाइन सोडत निघते, त्यामुळे तिथून आलेल्या माणसाला वाटतं की बंगळुरूतही अर्ज भरला की एखाद्या मोठ्या खासगी शाळेचा नंबर लागू शकेल. कर्नाटकने मात्र जानेवारी 2019 मध्ये नियम बदलला. ज्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिथल्या खासगी शाळांवर या जागांचं बंधन उरलं नाही. बंगळुरूसारख्या शहरात सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही असा परिसर शोधावा लागतो. त्यामुळे खासगी शाळांतल्या आरटीईच्या जागा एका फटक्यात कमी झाल्या आणि अर्जांची संख्याही कोसळली. पालक कोर्टात गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाने 31 मे 2019 रोजी सरकारची बाजू उचलून धरली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

गंमत म्हणजे महाराष्ट्र सरकारनेही अगदी असाच प्रयोग करून पाहिला. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला मोकळीक दिली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी ती अधिसूचना रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. एकच केंद्रीय कायदा, दोन शेजारी राज्यं, दोन उच्च न्यायालयं आणि निकाल दोन टोकांचे. पुण्यात घरकाम करणाऱ्या बाईंच्या मुलीला जी दारं उघडी आहेत, ती बंगळुरूत तिच्याच बहिणीच्या मुलीला बहुतेक ठिकाणी बंद आहेत. हे न्याय्य आहे असं म्हणवत नाही, पण वस्तुस्थिती अशी आहे. त्यातून अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा तर 6 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून या कायद्याबाहेरच आहेत आणि बंगळुरूतल्या नावाजलेल्या जुन्या शाळांपैकी कित्येक मिशनऱ्यांच्या आहेत.

आता मुलाखत. 'मुलाचा इंटरव्ह्यू घेतातच, रंग, आकार, गाडीचे प्रकार पाठ करून घ्या,' असा सल्ला कोरमंगल्यापासून व्हाइटफील्डपर्यंत सगळीकडे मिळतो. कायद्याचं कलम 13 मूल आणि पालक या दोघांच्याही चाळणीला बंदी घालतं. सोडतीखेरीज दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने एका मुलाला डावलून दुसऱ्याला घेणं म्हणजे चाळणी, इतकी स्पष्ट व्याख्या कायद्यात आहे. पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत. देणगी उकळली तर तिच्या दहापट. कागदावर चोख आहे सगळं.

मग मुलाखती चालतात कशा? एक तर त्यांना आता 'इंटरॅक्शन' म्हणतात. दुसरं आणि महत्त्वाचं कारण असं की कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा आहे, आणि शाळा आपले वर्ग नर्सरी-एलकेजीलाच भरून टाकतात. सहाच्या आतल्या मुलांच्या सर्वसाधारण नर्सरी प्रवेशांना हा कायदा लागू नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं होतं. पहिलीच्या वर्गाला कायद्याचं संरक्षण मिळतं तोवर वर्गात जागाच उरलेली नसते. शिवाय वर्षाला लाख-दीड लाख फी घेणाऱ्या शाळेला 25 हजारांचा दंड म्हणजे किरकोळ खर्च. तरीही देणगी मागितली गेली, तर ती पावतीवर लिहून मागावी. पावती द्यायची म्हटली की आवाज मवाळ होतो, हा पालकांचा अनुभव आहे.

फीवर सरकारचं नियंत्रण आहे, हाही एक भाबडा समज. महाराष्ट्रात 2011 चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय. कर्नाटकात 1983 च्या शिक्षण कायद्यातली खासगी विनाअनुदानित शाळांच्या फीवर बंधन घालणारी तरतूद जानेवारी 2023 मध्ये उच्च न्यायालयानेच रद्दबातल ठरवली. म्हणून बंगळुरूत फीचा तक्ता नीट वाचावा लागतो: शिकवणी किती, बस किती, पुस्तकं आणि गणवेश शाळेकडूनच घ्यायचे का, पुढच्या वर्षी वाढ किती, आणि मधेच बदली झाली तर किती पैसे परत मिळतात. आयटीतल्या नोकरदारांच्या या शहरात शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

'पाटीवर सीबीएसई लिहिलंय ना, झालं तर मग' असं मानणाऱ्यांना 2023 च्या सुरुवातीला चांगलाच चटका बसला. आपली शाळा सीबीएसईची आहे या समजुतीत असलेल्या पालकांना, ती मंडळाशी संलग्नच नाही, असं पाचवी-आठवीच्या राज्य परीक्षेच्या निमित्ताने कळलं आणि बंगळुरूत शाळांच्या दारात आंदोलनं झाली. प्राथमिक वर्ग राज्य सरकारच्या मान्यतेवर चालवून, संलग्नता 'लवकरच' मिळणार असं सांगणाऱ्या शाळा असतात. मंडळाच्या 'सारस' या पोर्टलवर संलग्न शाळांची यादी उघडी आहे. नाव तिथे नसेल तर पाटीला काही अर्थ नाही. 'इंटरनॅशनल' या शब्दाबद्दल तर बोलायलाच नको. नावात तो असला म्हणून कुठला आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवला जातो असं नाही.

याहूनही उपयोगी, तरी फारसं कुणी पाहत नाही अशी चीज म्हणजे यूडायस, शाळांची सरकारी नोंद. देशातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला 11 आकडी यूडायस क्रमांक असतो. कर्नाटकातला क्रमांक 29 ने सुरू होतो, महाराष्ट्रातला 27 ने. त्यावरून शाळेची माहिती कुणालाही पाहता येते: स्थापनेचं वर्ष, व्यवस्थापन, शिक्षक किती, वर्गखोल्या किती, इयत्तावार पटसंख्या किती, स्वच्छतागृहं किती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. पट भागिले शिक्षक हा भागाकार करायला मिनिट लागत नाही आणि चकचकीत माहितीपत्रकापेक्षा तो जास्त सांगून जातो.

याच आकड्यांतून 'शंभर टक्के निकाला'चं गुपितही कधी कधी उघडं पडतं. दहावीचा पट आठवीच्या पटापेक्षा बराच कमी दिसला, तर मधली मुलं कुठे गेली हे विचारावं. काही शाळा कच्च्या मुलांना दहावीच्या आत दाखला हातात ठेवून वाटेला लावतात आणि उरलेल्यांचा निकाल फलकावर झळकवतात.

तसंही दहावीच्या निकालावरून पहिलीची शाळा निवडणं अजबच. सोळाव्या वर्षीच्या निकालात क्लास, शिकवण्या, घरची परिस्थिती असं काय काय मिसळलेलं असतं. शिवाय तो आकडा किती हलका असतो याचं ताजं उदाहरण कर्नाटकातच आहे. राज्याचा दहावीचा निकाल 2023 मध्ये 83.89 टक्के होता, 2024 मध्ये तो 73.40 वर आला, आणि तोही भरघोस सवलतीचे गुण दिल्यावर. मुलं वर्षभरात एकदम मठ्ठ झाली नव्हती. परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लावून थेट नजर ठेवली गेली होती.

मग प्राथमिक शाळेचा दर्जा सांगणारा सरकारी आकडा कोणता? खरं उत्तर: असा आकडा नाही. मुलांचं वाचन-गणित तपासणारी 'असर'ची गाजणारी पाहणी ग्रामीण भागाची असते, बंगळुरू शहर तिच्यात येतच नाही. केंद्राच्या 'परख' या मूल्यमापन संस्थेने 4 डिसेंबर 2024 रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची देशभर चाचणी घेतली, पण तिचे निष्कर्ष जिल्ह्याच्या पातळीवरचे आहेत, एका शाळेचे नाहीत. आणि मासिकांतल्या 'टॉप टेन' याद्यांत लौकिकाला, म्हणजे लोक काय म्हणतात याला, बरंच वजन असतं. फिरून गाडी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच येते.

त्यापेक्षा शाळेत जाऊन तिसरीच्या वह्या पाहाव्यात. लेखन मुलाचं स्वतःचं आहे की चाळीस वह्यांत फळ्यावरची एकच उत्तरं उतरली आहेत? लाल शाईची बरोबरची खूण नुसती पानाखाली मारली आहे की चूक कुठे झाली ते दाखवलं आहे? केंद्राच्या 'निपुण भारत' मोहिमेने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट ठेवलं आहे. मुख्याध्यापकांना या उद्दिष्टाबद्दल विचारावं. उत्तरात मुलांबद्दल बोलतात की स्मार्ट बोर्डबद्दल, एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

कन्नडबद्दलची भीती तर बदली व्हायच्या आधीच सुरू होते. 'तिकडे सगळं कन्नडमधून शिकवतात' हे चूक आहे. कन्नड किंवा मातृभाषेचं माध्यम खासगी शाळांवर लादण्याचा कर्नाटकचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2014 रोजी फेटाळला. वर उल्लेख केलेला अल्पसंख्याक शाळांचा निकालही त्याच दिवशीचा. पण 'कन्नड ऐच्छिक आहे' हेही चूक. 2015 च्या कायद्याने 2017-18 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड हा विषय सक्तीचा केला, पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून. सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळाही त्यात आल्या. पहिलीतलं मराठी पोर कन्नड पटकन उचलतं, त्रास होतो तो पालकांनाच. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा कर्नाटकात जरूर आहेत, पण त्या बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजूला. बंगळुरूत मराठी लिहिणं-वाचणं घरीच शिकवावं लागतं.

राहिली सरकारी शाळा, जिचा विचारच केला जात नाही. बंगळुरूत जन्मलेल्या एका मराठी हवालदाराच्या मुलाने, शिवाजीराव गायकवाडने, गविपुरमच्या सरकारी कन्नड मॉडेल प्राथमिक शाळेत धडे गिरवले. जग त्याला रजनीकांत म्हणून ओळखतं. तो काळ वेगळा होता हे मान्य. पण 2019-20 पासून राज्यातल्या सुमारे हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू झाले आणि कर्नाटक पब्लिक स्कूल या नावाने पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंत एकाच आवारात शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. पुस्तकं आणि गणवेश मोफत, दुपारचं जेवण आणि दूध शाळेतच. अतिथी शिक्षकांवर चालणारे वर्ग आणि कमी पट ही तिथली खरी दुखणी आहेत, ती झाकून उपयोग नाही. तरी निवड करताना दाराजवळची सरकारी शाळा आतून एकदाही न पाहता बाद करणं हा निव्वळ आळस आहे.

केंद्रीय विद्यालयाबद्दल इतकंच: खासदाराच्या चिठ्ठीवर प्रवेश मिळण्याचे दिवस 2022 मध्ये संपले. खासगी नोकरीतल्या पालकांचा क्रमांक प्राधान्यक्रमात अगदी खाली असतो, पण आरटीईच्या जागांची सोडत तिथेही निघते.

वर्ष अर्ध्यावर असताना बंगळुरूत येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जुन्या शाळेने दाखला लगेच दिला पाहिजे, आणि तो यायला उशीर झाला तरी सरकारी किंवा अनुदानित शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगतं. खासगी शाळेला हे कलम लागू नाही. तेव्हा पुण्यातल्या शाळेत दाखल्याचा अर्ज सामान बांधायला घेण्याआधी द्या, आणि बंगळुरूतल्या शाळेला पहिला हप्ता भरण्याआधी तिचा यूडायस क्रमांक, संलग्नतेचं पत्र आणि फी परत करण्याचे नियम लेखी मागून घ्या.