नळी असूनही कळ का येते?

समजा, मुलचेऱ्यातील एका विद्यार्थ्याचे आजोबा लघवीची नळी घेऊन रुग्णालयातून घरी आले. नळीतून लघवी आपोआप वाहते. तरी मध्येच कळ येते, जोराची लघवी लागते, नळीच्या कडेने धोतर भिजते. संकोचाने आजोबा पाणी पिणेच कमी करतात.

प्रौढाच्या मूत्राशयात सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. ते भरत आले की भिंत ताणली जाते, चेतातंतू तशी वर्दी देतात आणि भिंतीतील अनैच्छिक स्नायू आकुंचन पावतो. नळी निसटू नये म्हणून तिच्या टोकाशी पाण्याने भरलेला छोटा फुगा असतो. तो मूत्राशयाच्या तळाच्या संवेदनशील भागाला टेकतो. मग मूत्राशय रिकामे असूनही स्नायू आवळतो.

पाणी तोडल्याने लघवी दाट होऊन त्रास वाढतोच. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पुरेसे पाणी प्यावे, बद्धकोष्ठ टाळावे. नळी मांडीला चिकटपट्टीने बसवावी, तिला पीळ पडू देऊ नये. पिशवी मूत्राशयापेक्षा खाली ठेवावी. कळा शमवणारी औषधेही डॉक्टर देतात. मात्र पिशवीत लघवी उतरेनाशी झाली, ओटीपोट फुगले किंवा ताप आला, तर तडक रुग्णालय गाठावे. नळी स्वतः ओढू नये. आत फुगा भरलेला असतो.

अनैच्छिक स्नायू शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. कारण नातवाला समजले, तर आजोबांच्या हाती पाण्याचा तांब्या पुन्हा येईल.