बीज की वळण? चंद्रावरच्या कामगारांची गोष्ट

परग्रहावरील प्राण्यांच्या कादंबऱ्यांवर कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पण या गोष्टींत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि तो आमच्या रोजच्या कामातला आहे. अमुक एक प्राणी जसा वागतो तसा तो जन्मतःच असतो, की त्याला कोणी तसा घडविलेला असतो?

या प्रश्नाची सर्वांत धीट मांडणी मला एच. जी. वेल्स याच्या ‘द फर्स्ट मेन इन द मून’ या १९०१ सालच्या कादंबरीत सापडली. वेल्स हा लहानशा दुकानदाराचा मुलगा. पोरवयात त्याने कापडदुकानात उमेदवारी केली आणि पुढे शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन टी. एच. हक्स्ले यांच्यापाशी तो जीवशास्त्र शिकला. दुकानातला गल्ला आणि प्रयोगशाळेतली चिरफाड या दोन्ही गोष्टी त्याने जवळून पाहिल्या होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच्या कादंबरीत चंद्राच्या पोटात सेलेनाइट नावाचे प्राणी राहतात. त्यांचा समाज मुंग्यांच्या वारुळासारखा आहे. प्रत्येकाचे शरीर त्याच्या कामापुरते. गणित्याचे डोके फुगलेले आणि हातपाय वाळलेले. एखादी गणिती विसंगती अचानक सापडली तरच त्याला हसू येते. चंद्रावरची गुरे राखणाऱ्याला गुरांखेरीज दुसऱ्या कशात गोडी नाही. सगळे आपापल्या जागी सुखी. वाचणाऱ्याला वाटते, ही जातच अशी. निसर्गानेच वाटणी करून दिलेली.

पण तिथे अडकून पडलेला केव्हर हा शास्त्रज्ञ बिनतारी संदेशांतून पृथ्वीला एक हकिकत कळवितो. त्याला काही बरण्या दिसतात. प्रत्येक बरणीत एक सेलेनाइट बालक कोंबलेले असते आणि बाहेर फक्त त्याचे पुढचे हात असतात. त्या हातांना औषधे टोचून पोसावयाचे, चेतवावयाचे आणि उरलेले शरीर उपाशी ठेवावयाचे. मोठेपणी हे बालक एका विशिष्ट यंत्रावरचा कामगार व्हावयाचे असते. तो बाहेर आलेला केविलवाणा हात केव्हरला पुढे कित्येक दिवस छळतो. तरीही तो स्वतःची समजूत घालतो, की मुलाला आधी माणूस म्हणून वाढू द्यावयाचे आणि मग त्याचे यंत्र करावयाचे, या आपल्या पृथ्वीवरच्या रीतीपेक्षा हे दयेचेच आहे. हा टोमणा कोणाला आहे, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

आता माझा साधा प्रश्न असा : यंत्रावरचा कामगार जर जन्मतःच तसा असेल, तर बरणी कशाला लागली?

बीज काहीच नाही असे मात्र मी म्हणत नाही. मधमाशांचेच पाहा. राणी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यातून निघतात. पहिले तीनएक दिवस सर्व अळ्यांना दाई-माश्या आपल्या ग्रंथींतला रस भरवितात. पुढे जिला तोच रस मिळत राहतो ती राणी होते आणि काही वर्षे जगते. जिच्या वाट्याला पराग आणि मध येतो ती कामकरी होते आणि ऐन हंगामात पाच-सहा आठवड्यांत संपते. राणी होण्याची शक्ती बीजात दोघींच्याही असते. कोणाच्या तोंडी काय पडावे हे पोळे ठरविते.

विडी कामगार बायकांत मी पुष्कळ वर्षे काम केले. ‘या बायकांची बोटेच मुळात विडीसाठी घडलेली’, असे एक ठेकेदार मला मोठ्या कौतुकाने सांगत असे. त्याच्याच कामावरच्या एका बाईने सातव्या वर्षापासून आईशेजारी सूप घेऊन बसत पाने कापली होती. ती मला म्हणाली, “दादा, बोटं घडली नाहीत, वाकली.” आणि मूठ उघडून दाखवावी म्हटले तर ती पुरती उघडेना.

विरुद्ध बाजूची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अमेरिकन मालिकेत १९९४ साली ‘द अबँडन्ड’ नावाचा भाग आला. त्यात जेमहदार जातीचे एक बेवारशी मूल सापडते. ही जात धन्यांनी लढण्यासाठीच निर्माण केलेली. ओडो नावाचा अधिकारी, जो स्वतः प्रयोगशाळेत नमुना म्हणून वाढला होता, त्या मुलाला माणुसकीचे वळण लावू पाहतो. त्याला यश येत नाही. मुलगा लढावयासच निघून जातो. येथे बीज जिंकले, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. ते मूल काही दिवसांतच पुरुषाएवढे होते. त्याला बालपणच दिलेले नाही. शिवाय त्याला जगावयास लागणारे एक द्रव्य त्याच्या शरीरात तयारच होत नाही, ते धन्याकडूनच घ्यावे लागते. ज्याने ही जात घडविली त्याला रक्ताचा पुरता भरवसा असता, तर त्याने ही दोरी आपल्या हातात ठेवली नसती. उलट माणसाचे मूल पाहा. जन्मतः त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतो. उरलेला वाढतो तो आईच्या कडेवर, अंगणात, शाळेत. दुसऱ्यांनी वाढविले जाणे हेच आमचे जीवशास्त्र.

त्याच मालिकांच्या विश्वात व्हल्कन आणि रोम्युलन हे एकाच रक्ताचे दोन समाज आहेत. एकाने विवेकाची शिस्त पत्करली, दुसऱ्याने साम्राज्याची. १९६६ साली रोम्युलनांचा चेहरा प्रथम पडद्यावर आला, तेव्हा तो व्हल्कन असलेल्या स्पॉकसारखाच निघाला आणि जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने लगेच स्पॉकवरच संशय घेतला.

अख्खी जात एकाच स्वभावाची, ही कल्पना कादंबरीकारांनी आकाशातून आणलेली नाही. १८७१ च्या कायद्याने आपल्या देशात कित्येक जमाती जन्माने गुन्हेगार ठरविल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमधून त्या जमातींची माणसे गिरण्यांत कामाला जात. यंत्रावर त्यांचे हात इतरांसारखेच चालले, तरी हजेरी द्यावी लागे ती गुन्हेगार म्हणून. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. शिक्का पुसला गेला नाही.

केव्हरने पाहिलेले आणखी एक दृश्य राहिले. काम नसलेल्या सेलेनाइटांना गुंगीचे औषध देऊन भूछत्रांच्या रानात झोपवून ठेवतात, काम निघाले की उठवितात. त्यांतल्या एकाचे लांब नाजूक हात आणि आखडून निजण्याची ढब पाहून केव्हरला वाटले, की हा मुकाट्याने काही सोसतो आहे. तेवढ्यात वाटाड्याने त्याला पुन्हा अंधारात लोटून दिले; आणि कलंडता कलंडता त्याच्यातला किडा दिसला.