दिवे मालवले आणि नाटक बदलले

तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहातले दिवे मंदावतात आणि कुजबुज आपोआप थांबते. नाटक अंधारात बसून पाहायचे ही रीत आपल्याला रंगभूमीइतकीच जुनी वाटते. पाश्चात्त्य रंगभूमीवर ती रुळली त्याला जेमतेम दीडशे वर्षे झाली. आधुनिक नाटकाचा इतिहास इब्सेन, चेकॉव्ह, ब्रेख्त अशा नाटककारांच्या नावांनी सांगितला जातो. दिव्यांचा इतिहास वगळला, तर त्यातले बरेचसे उलगडत नाही.

अठराव्या शतकातल्या युरोपात प्रयोग चालू असतानाही प्रेक्षागृहातली झुंबरे जळत असत. इतक्या मेणबत्त्या दर प्रवेशाला विझवणार कोण आणि पुन्हा लावणार कोण? वाती काजळल्या की त्या कातरायला प्रयोग चालू असतानाच माणूस येई. लोक नाटकाइतकेच एकमेकांनाही पाहायला येत. नटाला आपला चेहरा दिसावा म्हणून पायदिव्यांपाशी येऊन, प्रेक्षकांकडे तोंड करून बोलावे लागे.

1817 साली लंडनच्या ड्रुरी लेन आणि लायसियम नाट्यगृहांत रंगमंचावर गॅस आला. पुढे विंगेत बसून चाव्या फिरवल्या की साऱ्या रंगमंचाचा उजेड कमी-जास्त होऊ लागला. मग लाइमलाइट आला. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत कळीच्या चुन्याचा तुकडा धरला की तो पांढराशुभ्र झगमगतो, आणि भिंगातून तो झोत एकट्या नायिकेवर सोडता येतो. चुना सतत झिजे, म्हणून दिव्यापाशी तो तुकडा फिरवत राहणारा माणूस लागे.

1876 मध्ये जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरने आपले नाट्यगृह उघडले. वाद्यवृंद खड्ड्यात लपवला, प्रेक्षागृह अंधारले आणि बघण्यासारखे एकच ठिकाण उरले, रंगमंच.

गॅसने बळीही घेतले. 8 डिसेंबर 1881 रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरमध्ये प्रयोगापूर्वी रंगमंचावरचे गॅसदिवे लावताना आग भडकली. पुरवठा बंद केल्याने सगळीकडे काळोख झाला आणि शेकडो माणसे दगावली. त्यानंतर वीसच दिवसांनी लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाचा रंगमंच विजेच्या दिव्यांनी उजळला. इमारतीत सगळे मिळून सुमारे 1200 दिवे, शेजारच्या मोकळ्या जागेत वाफेच्या यंत्रावर चालणारी जनित्रे. मालक रिचर्ड डॉयली कार्ट स्वतः रंगमंचावर आले, पेटत्या दिव्याला मलमलीचे कापड गुंडाळले आणि दिवा फोडला. कापडाला डागही पडला नाही. घाबरलेल्या शहराला यापेक्षा चांगली जाहिरात कोणती?

विजेचे हे कौतुक सगळ्यांना नव्हते. लायसियममध्ये विजेचे पायदिवे लागले तेव्हा चेहरे कसे दिसतात ते पाहून अभिनेत्री एलेन टेरीने नाट्यगृह चालवणाऱ्या हेन्री अर्विंगला गॅस परत आणायची गळ घातली आणि त्याने तो आणलाही. तिचे म्हणणे खोटे नव्हते. प्रखर उजेडात चेहऱ्याची रंगरंगोटी उघडी पडे, पडद्यावर चितारलेली झाडे आणि खांब निव्वळ चितारलेले दिसत. नेपथ्य खरे, भरीव करावे लागले. अभिनयही संयत होत गेला.

याच सुमारास पॅरिसच्या गॅस कंपनीत आंद्रे आंत्वान नावाचा कारकून होता. 1887 मध्ये त्याने 'थिएटर लिब्र' सुरू केले, तेही आईच्या घरचे सामान उचलून आणून. पुढच्याच वर्षी एका नाटकात त्याने खाटकाच्या दुकानातले खरे मांस रंगमंचावर टांगले. त्याचे नट प्रेक्षकांकडे पाठ करून बोलत. त्याच वर्षी स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गने 'मिस ज्यूली'च्या प्रस्तावनेत पायदिवे काढा आणि प्रेक्षागृहात अंधार करा अशी मागणी केली. इब्सेनच्या 1879 च्या 'अ डॉल्स हाउस'मधली नोरा घर सोडून जाते, त्या घराला आता खऱ्या भिंती मिळू लागल्या आणि चौथ्या, अदृश्य भिंतीतून प्रेक्षक आत डोकावू लागला.

स्वित्झर्लंडचा नेपथ्यकार अडोल्फ आपिया याच्याही पुढे गेला. त्याला खरे सामानही नको होते. पायऱ्या, चौथरे आणि सावल्या पुरेत, प्रकाश संगीतासारखा वाहावा असे त्याचे म्हणणे. त्याच्याच कल्पनेवरून ड्रेस्डेनजवळ हेलेराऊच्या सभागृहात भिंतींवर ताणलेल्या अर्धपारदर्शक कापडामागे हजारो दिवे बसवले होते. सगळी खोलीच उजळे. आपल्याकडे 1959 साली कोलकात्याच्या मिनर्व्हात उत्पल दत्तांच्या 'अंगार'मध्ये तापस सेनांनी कोळशाच्या खाणीत शिरणारे पाणी केवळ प्रकाशाने उभे केले. ही किमया मला आपियाच्या स्वप्नापेक्षाही मोठी वाटते, कारण ती अगदी तुटपुंज्या साधनांत साधलेली होती.

ब्रेख्तला मात्र अंधारात गुंगलेला प्रेक्षक नकोच होता. त्याने दिवे उघडे ठेवले आणि रंगमंचावर लख्ख पांढरा उजेड मागितला. त्याच्या 1928 च्या 'थ्री पेनी ऑपेरा'वरून पु. ल. देशपांडे यांनी 1978 साली 'तीन पैशाचा तमाशा' केला. तो इथे रुजायला अडचण नव्हती, कारण तमाशातला सोंगाड्या कथानक सोडून समोरच्या माणसांशी थेट बोलतोच, आणि फडातले प्रेक्षक त्याला उत्तरही देतात.