रिंगणातील लोकशिक्षण

गावात नवा विचार रुजवावयाचा असेल, तर केवळ व्याख्यान पुरत नाही. उपदेश सभेबरोबर संपतो. डोळ्यांसमोर घडलेला प्रसंग मात्र माणसे घरी घेऊन जातात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, ते याच जाणिवेने. त्यातील फसविले गेलेले शेतकरी जोडपे अखेरीस शिक्षणाची वाट धरते. पुढे सत्यशोधक जलशांनी हीच रीत खेडोपाडी नेली.

पुण्याच्या शनिवार पेठेत या परंपरेचे काही धागे एकत्र आलेले दिसतात. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे कार्यालय या पेठेत आहे. गुरुजींच्या विचाराने भारलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या तरुणांनी कलापथक उभारून समूहगीते व लोकनाट्ये यांच्या द्वारे समतेचा विचार गावोगाव पोहोचविला. कवी वसंत बापट व शाहीर लीलाधर हेगडे हे त्याचे आधारस्तंभ होते. बापट पुढे ‘साधना’चे संपादक झाले.

कालांतराने ती धुरा अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्य करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वाहिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वर मंदिरानजीकच्या पुलावर त्यांची हत्या झाली. त्यानंतर चळवळीतील तरुणांनी नाट्यदिग्दर्शक अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली ‘रिंगणनाट्य’ हाती घेतले. भोवती प्रेक्षक, मध्ये नट. पडदा नाही, नेपथ्य नाही. हिंसेला त्यांनी प्रश्नांनी उत्तर दिले.

डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. साप किंवा विंचू चावला असता रुग्णास औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. परंतु कायदा पुस्तकात येणे निराळे आणि मनात उतरणे निराळे. हे दुसरे काम शाळेला करता येण्यासारखे आहे.

वरच्या वर्गातील मुलांनी सर्पदंशाचा प्रसंग बसवावा. शेतात मुलाला साप चावतो. आजी म्हणते, मांत्रिकाकडे न्या; बहीण म्हणते, दवाखान्यात न्या. गाडी फाट्यावर येते आणि प्रयोग तेथेच थांबतो. सूत्रधार प्रेक्षकांना विचारतो, “गाडी कोणीकडे वळवावी?” उत्तरे मिळाल्यावर मुलांनी पुढचा भाग करून दाखवावा: रुग्णाला धीर देणे, दंश झालेला अवयव हलू न देणे, जखम न कापणे, आवळून न बांधणे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे व प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात तत्काळ नेणे.

शिक्षकांनी तीन पथ्ये पाळावीत. संवाद मुलांच्या बोलीत, त्यांनीच रचलेले असावेत. गावात खरोखर घडलेल्या दुर्घटनेतील कुटुंब ओळखू येईल असे काही नसावे. आजीचे पात्र हास्यास्पद करू नये. ती मांत्रिकाकडे धाव घेते ती नातवावरील मायेपोटीच. ज्याची थट्टा झाली, तो पुन्हा ऐकावयास येत नाही.

प्रयोगानंतरची चर्चा हाच खरा पाठ होय. ती घाईने आटोपू नये. पुढे एखाद्या रात्री गावातील एखादी गाडी त्या फाट्यावर दवाखान्याकडे वळली, तर त्या पाठाचे सार्थक झाले.