मोटारीचा टायमिंग पट्टा बदलल्यानंतर इंजिन बिघडल्यास

मोटार ही आतां आमच्या गांवांत चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. बियाणें, औषधें, बाजाराचा माल आणि वेळप्रसंगीं आजारी माणूस, हें सर्व तिच्यावरच जातें-येतें. म्हणून तिच्या इंजिनाच्या एका बाबीविषयीं चार शब्द लिहितों. प्रस्तुत लेखक कांहीं यंत्रविशारद नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत उमर गेली. ताळा घेण्याची संवय तेवढी अंगीं मुरली, आणि या कामीं तीच उपयोगीं पडली.

हकीकत अशी. मृग लागण्यापूर्वीं आठ दिवस आमच्या जुन्या, चार नळकांड्यांच्या पेट्रोल मोटारीचा टायमिंग पट्टा बदलविला. पट्ट्याचे किलोमीटर भरले होते. तो वाटेंत तुटण्यापूर्वींच बदलावा हा विचार योग्यच होता. परंतु नवा पट्टा बसला आणि गाडीची रया गेली. सकाळीं चालू होण्यास दहा-बारा वेळां स्टार्टर मारावा लागे. उभ्या जागीं इंजिन थरथरे, कार्बुरेटरांतून फुसकारे येत, आणि घाटाच्या पहिल्याच चढावर दम सुटे. सपाटीवर वेगांत मात्र ती बरी चाले. मिस्त्र्यानें प्लग बदलले, कार्बुरेटर धुतला, डिस्ट्रिब्युटर त्याच्या खांचेच्या टोकापर्यंत फिरविला. थोडा फरक पडला. अखेर, "हेड उतरवावें लागेल," असा निकाल मिळाला. हेड उतरविणें म्हणजे बियाण्याकरितां बाजूस ठेविलेले पैसे त्यांत घालणें. तेव्हां एक दिवसाची मुदत मागून घेतली.

इंजिनांत दोन फिरते दांडे असतात. क्रँक हा पिस्टनांशीं जोडलेला असतो; कॅम व्हॉल्व्ह उघडतो व मिटूं देतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमचा एक व्हावयाचा, म्हणून कॅमच्या चाकास दुप्पट दांते असतात. ही सांगड पूर्वीं सांखळीनें किंवा दांतेरी चाकांनीं राखीत. जर्मनींतील ग्लास या कारखान्यानें 1962 च्या सुमारास आपल्या 1004 मोटारींत दांतेरी रबरी पट्टा योजिला आणि तेथून तो सर्वत्र पसरला. पट्टा आवाज करीत नाहीं व त्यास तेल लागत नाहीं. पण बसवितांना एक दांता चुकला तरी तो चुपचाप तसाच फिरत राहतो. क्रँकच्या चाकास 20 दांते असतील तर एका दांत्याची चूक म्हणजे क्रँकचे पुरे 18 अंश!

या चुकीचीं लक्षणें ओळखण्यासारखीं आहेत. कॅम मागें पडला तर आंत घेणारा व्हॉल्व्ह उशिरां मिटतो, आणि मंद गतींत ओढलेली हवा उलट बाहेर ढकलली जाते. मग दाब भरत नाहीं, चढावर जोर राहत नाहीं, वेगांत थोडी सुधारणा दिसते. कॅम पुढें गेला तर बहुधा उलट घडतें. खालीं जोर बरा, वर वेग नाहीं. शिवाय ज्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर कॅमवरून चालतो तेथें ठिणगीही तितकीच मागें-पुढें होते. मिस्त्री डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी ठिकाणावर आणतो व गाडी किंचित सुधारते. व्हॉल्व्ह मात्र जेथल्या तेथें चुकलेलेच. डिस्ट्रिब्युटर खांचेच्या टोकास जाऊनही समाधान होत नसेल तर दोष पट्ट्याकडे पाहण्यासारखा आहे. आमचे बाबतींत तेंच झालें होतें.

हेडास हात लावण्यापूर्वीं दाबमापक लावून चारही नळकांडीं तपासविलीं. साडेबारा किलोच्या ठिकाणीं नऊ. पण चारही जवळजवळ सारखींच. प्रत्येकांत चमचाभर तेल सोडून पुन्हां पाहिलें, कांटा विशेष हलला नाहीं. तेलानें दाब वाढता तर रिंगा झिजल्या असें म्हणतां आलें असतें. एकाच नळकांड्याचा दाब बुडाला असता तर व्हॉल्व्ह वांकल्याची शंका घ्यावी लागली असती. चारही एकाच मापानें उणीं, तर दोष सर्वांच्या सामाईक खात्यांत असावयाचा, आणि नुकताच हात लागलेलें सामाईक खातें म्हणजे पट्टा.

पुढचें काम सावकाशीचें आहे. बॅटरीची तार काढावी, गाडी न्यूट्रलमध्यें ठेवावी, प्लग काढावे, आणि क्रँकच्या बोल्टास पाना लावून इंजिन ज्या दिशेस चालतें त्याच दिशेनें हातानें फिरवावें. मध्येंच कठीण अटकाव लागला तर तेथेंच थांबावें. पुष्कळ इंजिनांत चुकलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो; तेथें स्टार्टरचा एकच झटका शेंकड्यांचें काम हजारांवर नेतो. म्हणून संशय आल्यावर "आणखी एकदां मारून पाहूं" हें सर्वांत महाग पडतें. कॅमच्या चाकावरची खूण हेडावरील खुणेशीं, आणि क्रँकच्या दांतेरी चाकावरची खूण इंजिनाच्या अंगावरील खुणेशीं, एकाच वेळीं मिळाली पाहिजे. बाहेरच्या मोठ्या पुलीवरची खूण ठिणगीकरितां असते. तिचें रबर सरकलेलें असेल तर ती खोटें सांगते. क्रँकची खूण दर फेऱ्यास जुळते व कॅमची दोन फेऱ्यांनीं, हेंही विसरूं नये.

आमची कॅमची खूण एक दांता मागें निघाली. कारण साधें होतें. टेन्शनर नसलेल्या बाजूचा पट्टा बसवितांना सैल राहिला; इंजिन फिरतांच क्रँकनें आधीं तो सैलपणा ओढून घेतला व मग कॅम हलला. ती बाजू प्रथम ताणून, सर्व ढिलाई टेन्शनरकडे ठेवून पट्टा पुन्हां चढविला. टेन्शनर कसून हातानें दोन पूर्ण फेरे दिले व खुणा पुन्हां पाहिल्या. हे दोन फेरे म्हणजे बेरजेचा ताळा. ते टाळून झांकण लावणारा मिस्त्री कितीही हुशार असो, त्यास आम्ही पक्कें काम म्हणणार नाहीं. डिस्ट्रिब्युटर मूळ जागीं आणून ठिणगी दिव्यानें जुळविली. दाब बारावर आला.

नव्या मोटारींत डिस्ट्रिब्युटर नसतो. क्रँक व कॅम यांचे सेन्सर संगणकास खबर देतात. दोघांची खबर जुळली नाहीं तर बहुधा पी 0016 हा संकेत उमटतो. तेथेंही आधीं सेन्सरची तार व बैठक तपासावी, आणि मग पट्टा उघडावा. पट्ट्यावर तेल गळत असेल तर गळती बंद केल्यावांचून नवा पट्टा घालणें व्यर्थ होय.

दुसरे दिवशीं गाडी घाट चढून तालुक्यास गेली आणि बियाणें घेऊन आली. पट्टा बदलल्याची तारीख व किलोमीटर झांकणाच्या आंतल्या अंगास रंगानें लिहून ठेविले आहेत.